धारवाडचे वानर आणि माणसाचा इतिहास

तासगांवच्या माणसास धारवाड हें नांव इतिहासांतून परिचित आहे. इ. स. १७९० च्या उत्तरार्धांत तासगांवकर परशुरामभाऊ पटवर्धनांनीं टिपूच्या ताब्यांतील धारवाडच्या किल्ल्यास वेढा घातला. कॅप्टन लिटल याच्या हाताखालील मुंबईकर इंग्रजांची फौजहि त्यांच्या मदतीस होती. आणि महिनेच्या महिने झुंज दिल्यावर १७९१ च्या एप्रिलांत तो किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. त्यानंतर एकशें सत्तर वर्षांनीं, १९६१ सालीं, त्याच धारवाडच्या परिसरांत युकिमारु सुगियामा नांवाचा एक जपानी तरुण येऊन राहिला. त्यास किल्ला घ्यावयाचा नव्हता कीं मुलूख जिंकावयाचा नव्हता. रानांत वानरांच्या टोळ्या कशा राहतात, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें. परंतु तेथें त्यानें जें पाहिलें, त्यावरून पुढें तीस-पस्तीस वर्षें जगांतील पंडितांत कडाक्याचा वाद माजला. त्या वादाचा विषय वरवर पाहतां वानरांपुरता होता. पण त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न माणसाचा होता. क्रौर्य हा आपला मूळ स्वभाव आहे, कीं परिस्थितीनें जडलेला रोग आहे, हा तो प्रश्न. त्या शोधाची हकीकत मराठी वाचकांपुढें सलगपणें मांडावी, असा आमचा या लेखांत उद्देश आहे.

मानवाच्या प्राचीन इतिहासाचीं साधनें फार थोडीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. आमच्या कृष्णा-येरळेच्या मुलुखांत पायाखालचा खडक काळा, ज्वालामुखीच्या रसाचा. तो माणूस जन्मास येण्याच्या कोट्यवधि वर्षें आधीं थिजला; त्यांत माणसाचें हाड सांपडणें शक्यच नाहीं. नदीकांठच्या गाळांत व वाळूगोट्यांत दगडी हत्यारें मात्र मिळतात. १९५४ ते १९५६ या वर्षांत डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनीं प्रवरेकांठीं नेवासें येथें उत्खनन केलें, आणि पुढें त्याच परिसरांत चिरकी येथें गुडरुन कोर्व्हिनस या विदुषीनें आदिमानवाचीं हत्यारें जेथल्या तेथें पडलेलीं अशीं उकरून काढलीं. हत्यार करणाऱ्याची कवटी पाहावयाची तर मात्र नर्मदेपर्यंत जावें लागतें. १९८२ सालीं हथनोरा येथें अरुण सोनकिया यांस मिळालेला कवटीचा भाग हाच आपल्या देशांतील त्या काळचा ठळक पुरावा होय. परंतु हत्यार काय, किंवा कवटी काय, तिजवरून त्या जिवाचा संसार कळत नाहीं. तो कोणाबरोबर राही, पोर कोण सांभाळी, भांडण झालें म्हणजे काय होई, या गोष्टी दगडांत उमटत नाहींत. यामुळें आपल्याशीं शरीरानें जवळचे असे जे प्राणी आज जिवंत आहेत, त्यांच्या वागणुकीकडे पाहून कांहीं अनुमान बांधावें, हा दुसरा मार्ग शास्त्रज्ञांनीं धरला. डार्विननें १८७१ सालीं मानवाच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला तेव्हां त्यानेंहि हाच मार्ग दाखविला होता. मात्र त्यास माकडांविषयींची माहिती मिळाली ती बहुतेक प्रवाशांच्या गप्पांतून व पिंजऱ्यांच्या राखणदारांकडून.

पिंजऱ्यांतील प्राण्यावरून रानांतल्याची परीक्षा करणें म्हणजे तुरुंगांतील कैद्यांवरून गांवाची रीत ठरविण्यासारखें आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत एका कृत्रिम टेकडीवर बबून जातीचीं माकडें दाटीनें कोंडलीं होतीं. त्यांच्यांत माद्यांवरून रक्तपात होऊन पुष्कळ मेलीं. सॉली झुकरमन यानें १९३२ सालीं जो ग्रंथ लिहिला त्यास मुख्य आधार या देखाव्याचा होता, आणि वासना व झुंज हींच माकडांच्या समाजाचीं सूत्रें, असा समज त्यामुळें रूढ झाला. त्याच सुमारास कार्पेंटर हा अमेरिकन संशोधक पनामाच्या रानांत माकडांच्या टोळ्यांमागें हिंडत होता. त्यास तेथें तसा रक्तपात दिसला नाहीं. म्हणजे पाहण्याची जागा बदलतांच निष्कर्षहि बदलला.

याहून मोठा पालट जपानांत झाला. महायुद्धांत होरपळून निघालेल्या त्या देशांत १९४८ सालापासून क्योतोच्या किंजी इमानिशी यांनीं आपल्या शिष्यांसह रानांतील माकडांचें निरीक्षण आरंभिलें. त्यांची पद्धत साधी, पण चिकाटीची होती. टोळींतील प्रत्येक माकड चेहऱ्यावरून ओळखावयाचें, त्यास नांव द्यावयाचें, त्याची आई कोण व भावंडें कोण याची नोंद ठेवावयाची, आणि हें काम वर्षानुवर्षें चालू ठेवावयाचें. जनावरास नांव देणें म्हणजे त्यास माणूस समजणें, असें म्हणून पाश्चात्य विद्वानांनीं प्रथम नाकें मुरडलीं. पण ज्यास आपण नांवानें ओळखत नाहीं त्याचें चरित्र कसें लिहिणार? कोशिमा बेटावरील एका तरुण मादीनें १९५३ सालीं रताळें पाण्यांत धुऊन खाण्याचा प्रघात पाडला व तो हळूहळू इतरांनीं उचलला, ही गोष्ट याच पद्धतीमुळें जगास कळली. १९५६ त इनुयामा येथें माकडांच्या अभ्यासाचें केंद्र निघालें व पुढच्याच वर्षीं त्याचें नियतकालिक सुरू झालें. सुगियामा हा याच परंपरेंत शिकलेला.

त्यानें हिंदुस्थानांत यावें हें स्वाभाविकच होतें. ज्या वानरास आपण मारुतीचा अवतार समजतों, तो काळतोंड्या, लांब शेपटीचा वानर येथें माणसास भीत नाहीं. आमच्या या कृष्णाकांठावर तर समर्थांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींची परंपरा आहे. चाफळ, मसूर, उंब्रज हीं साताऱ्याकडचीं, तर बहें-बोरगांव व बत्तीस शिराळें हीं सांगलीकडचीं स्थानें प्रसिद्धच आहेत. ज्या देशांत पिकाची नासाडी सोसूनहि वानरावर हत्यार चालविणें पाप मानतात, त्या देशांत वानर जवळून पाहावयास मिळतो. आमच्या लोकांनीं तो पाहिलेलाहि आहे. टोळीच्या धिप्पाड नरास खेड्यांतील माणूस ‘हुप्प्या’ म्हणतो. एका टोळींत एकच हुप्प्या असतो हें तो जाणतो. आणि ‘हुप्प्या नर पिलूं जगूं देत नाहीं,’ असेंहि पारावर सांगितलेलें ऐकूं येतें. या लोकवार्तेंत खरें किती व खोटें किती, याचा निवाडा पुढें येईलच.

सुगियामाच्या आधीं फिलिस जे नांवाच्या अमेरिकन बाईंनीं १९५८ ते १९६० या काळांत बस्तरमधील ओरछा व लखनौजवळील काकोरी या भागांत याच वानरांचें निरीक्षण केलें होतें. त्यांच्या टोळ्यांत अनेक नर एकत्र नांदत होते. भांडणें थोडीं, व तींहि बहुधा दांत दाखविण्यावर भागत. नवें पिलूं जन्मलें कीं टोळींतील इतर माद्या भोंवतीं जमत, त्यास हातीं घेत, आणि आई निर्धास्तपणें तें त्यांच्या स्वाधीन करी. पिलाची लव काळसर असते; करड्या माद्यांच्या घोळक्यांत तें उठून दिसतें व सर्वांचें लक्ष वेधून घेतें. एकंदरींत वानराचा समाज म्हणजे शांत, सुखी व सुव्यवस्थित कुटुंब, असें चित्र या निरीक्षणांतून उभें राहिलें. दोन महायुद्धांनीं थकलेल्या जगास तें आवडलेंहि.

धारवाडास मात्र निराळें दृश्य होतें. तेथें टोळ्या दाट होत्या, आणि बहुतेक टोळ्यांत मोठा नर एकच. उरलेले नर आपली वेगळी टोळकीं करून रानभर भटकत. सुगियामानें १९६१ ते १९६३ पर्यंत या टोळ्यांचा पाठपुरावा केला. पार्थसारथि हे भारतीय सहकारीहि या कामांत होते. या काळांत पुढील प्रकार त्याच्या नजरेस पडला. भटक्या नरांचें टोळकें एखाद्या टोळीवर चालून येई. झटापटींत जुना हुप्प्या पराभूत होऊन हांकलला जाई. मग विजयी नरांतला एक जण सोबत्यांसहि पिटाळून एकटा टोळीचा धनी होई. येथवर हें नवल नव्हे. पण त्यानंतर नवा धनी माद्यांच्या छातीशीं बिलगलेल्या पिलांस चावूं लागे. एकामागून एक पिलें जखमी होऊन मरत किंवा नाहींशीं होत. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या आया त्याच नराशीं संग करीत. हें दृश्य योगायोगाचें असेल, अशी शंका घेण्यास जागा होती. म्हणून सुगियामानें एका टोळींतील एकुलता नर मुद्दाम पकडून बाजूस काढला. शेजारचा नर त्या टोळींत शिरला, आणि तेथेंहि पिलांची तीच गति झाली. १९६५ सालीं हा सर्व वृत्तांत त्यानें प्रसिद्ध केला.

पण जें पाहावयाची आपली तयारी नसते, तें छापून आलें तरी आपण वाचीत नाहीं. वानरानें स्वजातीचें बालक मारावें, हें कोणत्याच चौकटींत बसेना. त्या वेळीं प्राणिशास्त्रांत प्रचलित समज असा होता कीं, प्राणी जें करतो तें आपल्या जातीच्या कल्याणासाठीं करतो. पिलें मारण्यानें जातीचें कोणतें कल्याण साधणार? यासाठीं बहुतेकांनीं धारवाडची हकीकत दाटीनें बिघडलेल्या टोळ्यांची विकृति म्हणून बाजूस सारली. १९७१ त मोहनोत यांनीं जोधपुराहून अशाच बालहत्यांचा वृत्तांत दिला, तेव्हां मात्र ती एकट्या धारवाडची गोष्ट राहिली नाहीं.

त्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठाची सारा ब्लॅफर हर्डी ही विद्यार्थिनी अबूच्या पहाडावर आली. दाटीमुळें वानर असे बिघडतात, हेंच सिद्ध करावयाचें तिच्या मनांत होतें. पण अबूस पाहतां पाहतां तिचें मत पालटलें. दाटी असो वा नसो, पिलांवर हल्ला होई तो नवा नर टोळींत आला म्हणजेच. आणि तो करी तो नवा नरच. १९७४ च्या निबंधांत व १९७७ च्या ग्रंथांत तिनें जी उपपत्ति मांडली ती हिशेबाची आहे. वानरमादीस गर्भारपण सुमारे दोनशें दिवसांचें. त्यापुढें वर्षाहून अधिक काळ पिलूं अंगावर पितें. आणि तें पितें आहे तोंवर ती सहसा पुन्हां माजावर येत नाहीं. इकडे हुप्प्याची सत्ता अबूस सरासरीनें सव्वादोन वर्षांच्या आसपास टिके. पूर्वीच्या नराचीं पिलें वाढण्याची वाट नवा नर पाहत बसला, तर स्वतःचीं पिलें जन्मून सांवरण्यापूर्वींच त्याचें आसन डळमळूं लागेल. पितें पिलूं मेलें कीं आई लौकर माजावर येते. अर्थात् जो नर मारतो त्याची संतति अधिक उरते, आणि ती वृत्ति पुढच्या पिढींत उतरते. नराच्या मनांत हा हिशेब असतो असें नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनें तो त्याच्या रक्तांत लिहिला गेलेला असतो.

मादी या व्यवहारांत निमूट नसते, हेंहि हर्डीनेंच दाखविलें. वयस्क माद्या पिलाच्या रक्षणास नरावर धांवून जातात. गाभण माद्याहि नव्या नराशीं संग करतात, जेणेंकरून पुढें होणारें पिलूं आपलें कीं परक्याचें याविषयीं तो संभ्रमांत राहावा. वानरांचा इतिहास तोंवर नरांच्या झुंजींचा म्हणूनच लिहिला गेला होता; मादीचेंहि त्यांत कर्तृत्व आहे हें दिसण्यास एक स्त्री निरीक्षक यावी लागली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या उपपत्तीस विरोध झाला, आणि तो कडवा झाला. पूर्वोक्त फिलिस जे यांनींच, पुढें डोलिनो या नांवानें लिहितांना, १९७८ सालीं आक्षेप घेतला कीं, प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलेल्या हत्या थोड्या, तर्कानें जोडलेल्या फार. आणि ज्या ठिकाणीं हें घडलें तीं ठिकाणें माणसांच्या वस्तीजवळचीं, जेथें रान तोडलेलें आहे व वानर लोकांच्या दाण्या-गोट्यांवर वाढले आहेत. हा आक्षेप पोकळ नव्हता. त्याचें उत्तर वाग्युद्धानें मिळण्यासारखें नव्हतें. पुराव्यानेंच मिळावयाचें होतें. तें मिळावयास १९९९ साल उजाडलें. नेपाळच्या तराईंतील रामनगर येथें, मानवी वस्तीच्या उपद्रवापासून बऱ्याच दूर असलेल्या वानरांच्या टोळ्यांत, बोरीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डीएनएच्या परीक्षेवरून पितृत्व ठरविलें. मारणारा नर मेलेल्या पिलाचा पिता नव्हता, आणि त्यानंतर त्या मादीस झालेल्या पिलाचा पिता तो असूं शकत होता, असा निकाल लागला. तोंवर सिंहादि इतर प्राण्यांतहि हाच प्रकार आढळून आला होता. आज बहुतेक शास्त्रज्ञ हर्डीचा हिशेब मूलतः खरा मानतात.

पारावरच्या वार्तेचा निवाडा आतां करतां येईल. एका टोळींत एकच हुप्प्या असतो, हें आमच्या भागापुरतें बहुतांशीं खरें. पण ओरछा-काकोरीकडे तसें नाहीं. हुप्प्या पिलें मारतो, हेंहि खरें. जें जगाच्या विद्यापीठांस १९६५ नंतर कळलें, तें आमच्या गुराख्यास ठाऊक होतें. मात्र तो केवळ नर पिलूंच मारतो हें खरें नव्हे; नर असो वा मादी, दोहोंवर हल्ला होतो. आणि तो स्वतःचें पिलूं मारतो हें तर मुळींच खरें नव्हे; मारतो तो परक्याचें. लोकांनीं घटना बरोबर पाहिली, पण राज्याला वारस-स्पर्धक नको या माणसाच्या रीतीवरून तिचें कारण जोडलें. पाहणें व कारण जोडणें या दोहोंतलें अंतर कमी करणें हेंच शास्त्राचें काम होय.

यावर वाचक विचारील कीं, हें जर निसर्गसिद्ध आहे, तर माणसानें माणसाचें मूल मारलें तर त्यास दोष कशाला द्यावयाचा? हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. कारण निसर्गाच्या नांवावर अन्याय खपविण्याचा प्रयत्न गेल्या शतकांत पुष्कळ झाला. त्यास पहिलें उत्तर हें कीं, वानर आपला पूर्वज नव्हे. त्याची व आपली शाखा सुमारे अडीच ते तीन कोटि वर्षांपूर्वींच वेगळी झाली. आपला निकटचा आप्त चिंपांझी. पण तितकाच निकटचा बोनोबो हा त्याच्या मानानें पुष्कळच शांत आहे. एका आप्तावरून आपला स्वभाव ठरवावयाचा तर कोणता आप्त घ्यावयाचा? दुसरें उत्तर असें कीं, अमुक घडतें यावरून अमुक घडावें असें निघत नाहीं. देवी आणि पटकी हे रोगहि निसर्गसिद्धच होते. म्हणून कोणी त्यांची टोंचणी थांबविली नाहीं.

तिसरें उत्तर आमच्याच एका विदुषीच्या चरित्रांतून देतां येईल. इरावतीबाई कर्वे १९२८ त बर्लिनला गेल्या व ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मानवी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास करूं लागल्या. गोऱ्यांच्या कवटीचा कांहीं विशेष असून तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचा पुरावा होय, अशी त्या गुरूची धारणा होती. बाईंनीं कवट्या मोजल्या, आणि या विषमतेंत वंशावंशांत भेद आढळत नाहीं असा निर्णय दिला. परक्या देशांत, गुरूच्या मताविरुद्ध, आपल्या मोजमापाशीं प्रामाणिक राहणें सोपें नसतें. शास्त्र धनी लोकांस सोयीचें बोलावें म्हणून नसतें, आणि सज्जनांस सोयीचें बोलावें म्हणूनहि नसतें. धारवाडचें दृश्य शांततेच्या भक्तांस गैरसोयीचें होतें. बर्लिनच्या कवट्या वंशाभिमान्यांस गैरसोयीच्या होत्या. दोन्ही ठिकाणीं जें दिसलें तेंच सांगितलें गेलें, म्हणून दोन्ही कामें टिकलीं.

आणि धारवाडच्या गोष्टीचें दुसरें अंगहि विसरूं नये. पिलांवर धांवून येणारा नर ज्या टोळींत आहे, त्याच टोळींत दुसऱ्या मादीचें पिलूं पोटाशीं धरणारी मादीहि आहे. हर्डीनेंच पुढें २००९ च्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, मनुष्यजातीचा विशेष या दुसऱ्या अंगांतून वाढला. माणसाचें मूल फार वर्षें परावलंबी. एकट्या आईस तें वाढविणें अशक्य. आजी, मावशी, आत्या, थोरलीं भावंडें, आणि बापहि, असे अनेक हात लागले तेव्हांच तें जगलें. आणि त्या अनेक हातांची मर्जी ओळखतां ओळखतां दुसऱ्याच्या मनांत शिरण्याची कला त्यास साधली. आमच्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ही उपपत्ति समजावून सांगावी लागत नाहीं.

परशुरामभाऊंनीं धारवाड घेतलें तें ज्या पेशव्याच्या नांवानें, त्या सवाई माधवरावाची हकीकत या संदर्भांत आठवते. १७७३ त नारायणरावाचा खून होऊन राघोबादादा गादीवर बसले. वानरांच्या टोळींत याचा शेवट ठरलेला असता. पण बारभाई जमले, गरोदर गंगाबाईस त्यांनीं पुरंदरावर जपून ठेवलें, आणि १७७४ च्या एप्रिलांत जन्मलेल्या बालकास अवघ्या चाळिसाव्या दिवशीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. त्यांत राजकारण होतें, स्वार्थ होता, हें कोण नाकारील? तरी मराठी राज्यांतील मोठे मोठे सरदार एका तान्ह्या मुलाभोंवतीं उभे राहिले, आणि मेलेल्या बापाचा हक्क त्या मुलाचा म्हणून त्याच्यासाठीं लढले. मारणारा माणूसच होता व राखणारेहि माणूसच होते. निसर्गानें आपल्या हातीं दोन्ही दिलें आहे. त्यांतलें कोणतें चालवावयाचें हें ठरविण्याचें काम मात्र त्यानें आपल्यावर सोंपविलें आहे.